५६ वर्षांनी हाडं सापडून घरच्यांना काय मिळतं?

१९६८ मध्ये हिमालयात नाहीशा झालेल्या विमानातल्या जवानांचे अवशेष ५६ वर्षांनी सापडले, त्यावर "इतक्या वर्षांनी चार हाडं सापडून घरच्यांना काय मिळतं?" हे तुम्ही विचारलंय. आमच्या आत्याने काकूला जवळजवळ याच शब्दांत ऐकवलं होतं, म्हणून लिहायला बसलो.

थोरले काका हवाई दलात होते. १९७१ च्या डिसेंबरात पश्चिम आघाडीवर गेले ते परतले नाहीत. पत्र आलं, 'बेपत्ता, मृत समजण्यात येत आहे.' त्या 'समजण्यात'पाशी काकू अडली ती कायमची. "समजतात म्हणजे काय? बघितलं का कुणी?" पेन्शनच्या अर्जात 'विधवा' समोर ती खूण करायची नाही, शेजारी निळ्या शाईने 'पती बेपत्ता' लिहायची. अर्ज परत यायचा. मग माझे वडील खूण करून द्यायचे, ती सही करायची आणि त्या दिवशी जेवायची नाही.

बारा वर्षं झाल्यावर आत्याने हट्टाने पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करायला लावलं. काकू आतल्या खोलीतून बाहेर आली नाही, कुंकूही पुसलं नाही. पुढे श्राद्धावरून वाद. तिथी माहीत नाही तर सर्वपित्रीला करा, असं एक जण म्हणायचा. शस्त्राने गेले असतील तर चतुर्दशीला, असं दुसरा. गेले कशाने, तेच कुणाला ठाऊक नव्हतं.

७ फेब्रुवारी १९६८ ला चंदीगडहून लेहला निघालेलं हवाई दलाचं एएन-१२ हे मालवाहू विमान १०२ जणांसह हिमालयात नाहीसं झालं होतं. २००३ मध्ये गिर्यारोहकांना त्याचे अवशेष सापडले. काकूने पेपर घडी घालून उशाशी ठेवला. आत्या म्हणाली, "वहिनी, आता चार हाडं घेऊन काय करणार?" काकू म्हणाली, "तारीख घेईन."

हेच तुमचं उत्तर. त्याच विमानातले आणखी चार जण २०२४ मध्ये सापडले, अंगावरच्या कागदपत्रांवरून ओळख पटली. एकाची पत्नी तोवर वारली होती. केरळच्या जवानाला भावंडांनी लष्करी इतमामात निरोप दिला. पुतळा जाळून हे होत नाही. पुतळा जाळणाऱ्यांना मोकळं वाटतं, वाट बघणाऱ्याला नाही. आत्या, तू हे वाचत असशील तर तुलाच सांगतोय.

घरात असं कुणी बेपत्ता असेल तर सर्व्हिस नंबर, पत्रं, दातांच्या नोंदी जपून ठेवा. सख्खी भावंडं हयात आहेत तोवर डीएनए नमुन्याची चौकशी करा. आणि बायकोच्या कपाळाचा निर्णय नणंदेने घेऊ नये.

अर्थात सगळ्यांना असंच वाटतं असं नाही. काहींच्या जखमेवरची खपली निघते, काहींनी दुसरा संसार मांडलेला असतो. त्यांच्यावर अवशेष लादू नयेत.

काकू २००९ मध्ये गेली. तिच्या तिथीला पान वाढतो. काकांचं कधी वाढायचं, ते अजून ठरलेलं नाही.