शांतता समितीत नाव आल्यावर

प्रिय मित्रा,

पोलिस ठाण्याच्या शांतता समितीत तुझं नाव आल्याचं कळलं. बरं वाटलं. पण या समित्यांचं बहुतेक ठिकाणी काय होतं, ते तुला लवकरच दिसेल. गणपती आणि ईदच्या आधी एक बैठक, चहा-बिस्किटं, पुढच्या खुर्च्यांवर पुढारी, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. एवढ्यावरच थांबायचं नसेल, तर भिवंडीत काय झालं ते समजून घे.

यंत्रमागाच्या या गावाने 1970 आणि 1984 असे दोन मोठे दंगे सोसले. 1988 मध्ये सुरेश खोपडे पोलिस उपायुक्त म्हणून तिथे आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. त्यात पुढाऱ्यांपेक्षा गल्लीतली साधी माणसं घेतली, हिंदू आणि मुसलमान दोन्ही, आणि सोबत बीटवरचा, म्हणजे त्या भागाच्या गस्तीचा, पोलिस. ही मंडळी नेमाने भेटत आणि बारीकसारीक भांडणं वाढायच्या आत मिटवत. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 च्या मुंबईच्या दंगलीत तिची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने 900 मृत्यू नोंदवले. भिवंडी मात्र शांत राहिली. दंगल पेटल्यावर गल्लीच्या तोंडाशी उभं राहून भाषण दिलं की जमाव मागे फिरतो, हे सिनेमात. खऱ्या रात्री तू 112 ला फोन कर, बीट हवालदाराला कळव आणि आडवा जाऊ नकोस. त्या रात्री हवालदार तुझा फोन लगेच उचलेल की नाही, हे आधीच्या सहा महिन्यांत तुमची किती ओळख झाली त्यावर आहे.

आता जे काम कुणी शिकवत नाही, त्याबद्दल. 2014 च्या जूनमध्ये सोशल मीडियावरच्या आक्षेपार्ह चित्रांवरून पुण्यात तणाव होता. हडपसरला नमाजहून परतणाऱ्या एका तरुण आयटी कर्मचाऱ्याला जमावाने मारून टाकलं. त्या चित्रांशी त्याचा काही संबंध नव्हता. 2023 च्या जानेवारीत न्यायालयाने आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडलं. त्या निकालावर मी इथे बोलत नाही. पण साक्षी-पुरावे टिकले नाहीत तर काय होतं, हे लक्षात ठेव.

म्हणून कुणाला धर्मावरून किंवा जातीवरून मारहाण झाली, तर त्याच दिवशी त्याच्याजवळ बस आणि लिहून घे. वेळ, जागा, कोण होतं, आणि मुख्य म्हणजे मारताना काय बोलले ते जसंच्या तसं. माणूस लाजेने ‘घाण शिव्या दिल्या’ एवढंच सांगतो आणि ठाण्यात साध्या भांडणाची एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहिली जाते. ते शब्द फिर्यादीत आले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 196 चा, म्हणजे धर्म-जातीवरून वैर पसरवण्याचा, विषय निघतो, किंवा फिर्यादी दलित-आदिवासी असेल तर ॲट्रॉसिटीचा. नंतर आठवलेलं पुरवणी जबाबात घालता येतं, पण पहिल्या जबाबाचं वजन वेगळं.

‘आमची हद्द नाही’ असं कुणी म्हणालं तर वाद घालू नकोस. कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर, म्हणजे हद्द नसली तरी गुन्ह्याची नोंद, घ्यावा लागतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्येच तसं आहे, असं नम्रपणे सांग. प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका.

व्हिडिओ असेल तर मूळ फोनमध्ये जपून ठेवायला सांग. ग्रुपवर किंवा स्टेटसवर टाकायचा नाही, ‘लोकांना कळलं पाहिजे’ म्हणूनसुद्धा नाही. मार खाल्लेल्या माणसाचा चेहरा दुसऱ्या गल्लीत पोचला की तिथली पोरं बाहेर पडतात.

फिर्याद देणाऱ्याबरोबर ठाण्यात दोघं जा आणि त्यातला एक दुसऱ्या समाजाचा असू दे. नंतरचे आठवडेही विसरू नकोस. पोरांना शाळेत सोडायला कुणी आहे का, दुकान उघडलं का, हे विचारायला जा. साक्षीदाराच्या घरीही जा, कारण ‘तक्रार मागे घे’ म्हणणारे तिथे आधी पोचलेले असतात. कुणी धमकावलं असेल तर तेही तारखेसकट लिहून ठाण्यात दे.

तुझा,
काका