जादूशिवाय, नुसत्या हाकेने साथीदारांना बरं करणारा क्लास (पात्राचा प्रकार) ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ म्हणजे डी अँड डी या फाशांच्या भूमिका-खेळात कसा बसवावा? ‘ओरडून जखम कशी भरेल?’ असं आमच्या गटातले काही जण म्हणतात.

बसवता येतो. ती शंका हिट पॉइंटला (पात्र किती मार सोसेल ते मोजणारे गुण) रक्तमांस मानल्यामुळे येते. खेळाचे सहनिर्माते गॅरी गायगॅक्स यांनी १९७९ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्येच त्यात कौशल्य आणि नशीब धरलं होतं. पाचव्या आवृत्तीत (मी २०१४ चे नियम धरतोय) फायटर ‘सेकंड विंड’ने स्वतःच १डी१० (दहा बाजूंचा एक फासा) + लेव्हल एवढे पॉइंट परत मिळवतो आणि कोणी हरकत घेत नाही. आठ तास झोपून सगळे पॉइंट भरतात, तेही चालतं. मग सेनानायकाच्या हाकेलाच हरकत का?

खरा प्रश्न आहे की ही भरपाई कोणाच्या खात्यातून जाते. २००८ च्या चौथ्या आवृत्तीतला वॉरलॉर्ड (सेनानायक) हा क्लास मला म्हणूनच आवडतो. त्याची ‘इन्स्पायरिंग वर्ड’ ही हाक सुरुवातीला एका लढतीत दोनदा वापरता येई, पण साथीदार स्वतःचा हीलिंग सर्ज (स्वतःला सावरण्याचा मोजका साठा) खर्च करी. म्हणजे कमाल पॉइंटांचा चौथा हिस्सा, वर १डी६. नायक फक्त साथीदाराचा राखीव दम बाहेर काढतो.

पाचव्या आवृत्तीत हेच काम हिट डाइसकडून (लेव्हलमागे एक मिळणारे, छोट्या विश्रांतीत टाकून पॉइंट भरायचे फासे) करून घ्या. बोनस अ‍ॅक्शन (पाळीतली छोटी जादा कृती), ३० फूट, ऐकू शकणारा एक साथीदार. तो आपला एक हिट डाय टाकेल, त्यात त्याच्या कॉन्स्टिट्यूशनचा आणि तुमच्या करिष्म्याचा बोनस मिळवायचा. फायटरचा डी१०, अधिक २, अधिक ३, म्हणजे सरासरी १०.५. लाँग रेस्टपर्यंत (आठ तासांची विश्रांती) प्रोफिशियन्सी बोनसइतक्या (लेव्हलनुसार वाढणारा आकडा) वेळा. लाँग रेस्टला निम्मेच डाइस परतत असल्याने गटात असे दोन नायक असले तरी तोल ढळत नाही. पहिल्या लेव्हलला मात्र प्रत्येकाकडे एकच डाय असतो, तो लढाईत गेला की शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) कोरडी जाते. म्हणून पहिल्या दोन लेव्हलना दिवसातली पहिली हाक डाय न खर्चता द्या, तेव्हा डाय टाकायचा पण वजा करायचा नाही.

शून्यावर पडलेल्याला हाक ऐकू जाणार नाही, आणि इथेच बहुतेक घरगुती क्लास फसतात. ‘हीलिंग वर्ड’ हा मंत्र ६० फुटांवरून बोनस अ‍ॅक्शनमध्ये माणूस उठवतो, आणि तुमचा नायक नुसता बघत बसतो. त्याला हीलर्स किट (मलमपट्टीची पेटी) द्या, स्पर्शाने आणि बोनस अ‍ॅक्शनमध्ये वापरता येईल असं. ही उडी मोठी नाही: ‘हीलर’ फीट (पात्रासाठी निवडायची खास क्षमता) घेतलेला थीफ (चोर) तिसऱ्या लेव्हलपासून वस्तू झटपट वापरू देणाऱ्या ‘फास्ट हँड्स’मुळे हेच करतो. त्या फीटने १डी६ + ४ + रुग्णाचे एकूण हिट डाइस मिळतात. पाचव्या लेव्हलच्या रुग्णाला सरासरी १२.५, तर पहिल्या पातळीचा ‘क्युअर वूंड्स’ मंत्र, मंत्र टाकणाऱ्याच्या गुणाचा बोनस +३ धरून ७.५. जादू नसलेला उपाय इथे पुढे आहे, पण एका रुग्णाला तो रेस्टमागे एकदाच मिळतो. ही अट काढू नका. किटचे दहाच वापर असतात, तेही मोजा.

नुसत्या तात्पुरत्या हिट पॉइंटांवर क्लास उभारू नका. ते एकमेकांत मिळवता येत नाहीत आणि पडलेल्याला उठवत नाहीत.

एक सूक्ष्म गोष्ट राहिली: ही हाक अँटिमॅजिक फील्डमध्ये (जादू बंद पाडणारं क्षेत्र) चालेल, काउंटरस्पेलने (मंत्र अडवणारा मंत्र) अडणार नाही, पण ‘सायलेन्स’मध्ये (आवाज बंद करणारा मंत्र) बंद पडेल. ते क्लासच्या वर्णनातच लिहून ठेवा, नाहीतर ऐन लढाईत वाद होईल.