वहीभर प्रश्न आहेत, पण विषय कोणता घ्यायचा?

पत्र : माझी मुलगी यंदा पदवीला प्रवेश घेणार आहे. मार्क चांगले आहेत. ‘मला संशोधन करायचंय’ एवढं ती ठामपणे सांगते. कशात, असं विचारलं की गप्प. तिच्याकडे प्रश्नांची एक वही आहे. तिला विचारूनच त्यातले काही उतरवून पाठवते. कॉफी सांडली की डाग कडेलाच गडद का होतो? एकाच शहरातली माणसं एकच शब्द वेगवेगळा का उच्चारतात? हातात वेळच वेळ असलेली माणसं त्या वेळाचं करतात काय? झाडाचं वय कळतं, तसं जुन्या दाराचं कळेल का? कुठलाही नकाशा रंगवायला कमीत कमी किती रंग लागतात? यंत्राने चुकीचा निर्णय घेतला तर शिक्षा कोणाला करायची? एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. मला ही धरसोड वाटते. तिचे बाबा म्हणतात, संशोधनच करायचं तर सरळ विज्ञान घे. भाषा, समाजशास्त्र यांत नवीन काय शोधणार? शिवाय असल्या प्रश्नांचा उपयोग काय आणि पुढे नोकरीचं काय? घेतलेला विषय नाही जमला तर बदलता येतो का? – एक आई

उत्तर : ताई, आधी धरसोडीचं बघू, कारण पत्रातली खरी काळजी तीच दिसते. या सहा प्रश्नांतला एकही पोरकट नाही. प्रत्येकावर कुणी ना कुणी गंभीरपणे काम केलेलं आहे, एक-दोहोंवर तर पिढ्या गेल्या आहेत. मुलीला प्रश्न पडतात ते चांगलेच आहेत. पण प्रश्न आवडणं वेगळं आणि त्याचं उत्तर काढताना रोज जे काम करावं लागतं ते आवडणं वेगळं. विषय निवडायचा तो दुसऱ्या गोष्टीवरून. बहुतेक मुलं पहिलीवरून निवडतात आणि दोन वर्षांनी कंटाळून येतात.

कॉफीच्या डागाचा प्रश्न घ्या. त्याचं उत्तर 1997 साली शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी दिलं आणि ते ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलं. थेंबाची कड पृष्ठभागाला धरून बसते, सुकताना आत सरकत नाही. कडेला पाण्याचा थर पातळ, त्यामुळे तिथलं पाणी झपाट्याने उडतं. ती तूट भरून काढायला मधलं पाणी सतत कडेकडे वाहत राहतं आणि वाहताना कॉफीचे बारीक कण सोबत नेतं. पाणी उडून जातं, कण तिथेच साठतात. झाली कड गडद. पुढे 2011 मध्ये दुसऱ्या एका गटाने दाखवलं की कण गोल असण्याऐवजी लांबट असले तर ते थेंबाच्या पृष्ठभागावर एकमेकांत अडकतात आणि डाग सगळीकडे सारखा पडतो. छपाईची शाई आणि रंगाचे लेप एकसारखे कसे वाळवायचे, याच्याशी या प्रश्नाचा थेट संबंध आहे. पण मला सांगायचंय ते वेगळंच. हे काम म्हणजे थेंब टाकायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, कण मोजायचे, समीकरण मांडायचं, जुळलं नाही की पुन्हा थेंब टाकायचा. दिवसच्या दिवस. तुमच्या मुलीला असं बसायला आवडेल का? कदाचित खूप आवडेल. कदाचित उत्तर कळल्याक्षणी तिचा रस संपेल. दोन्हींत वाईट काही नाही, फक्त कोणतं ते आधी कळायला हवं.

आता तिच्या बाबांचा आक्षेप. भाषेत काय शोधणार? 1962 साली विल्यम लबॉव्ह नावाचा तरुण भाषाभ्यासक न्यूयॉर्कमधल्या तीन मोठ्या दुकानांत गेला. एक श्रीमंतांचं, एक मध्यमवर्गाचं, एक स्वस्तातलं. चौथ्या मजल्यावर काय मिळतं ते त्याने आधीच बघून ठेवलेलं. विक्रेत्याला गाठायचं आणि नेमकी तीच वस्तू कुठे मिळेल असं विचारायचं. उत्तर ठरलेलं : ‘फोर्थ फ्लोअर’. दोन्ही शब्दांत ‘र’ आहे आणि त्या शहरात पुष्कळ लोक तो गिळतात. मग ऐकू न आल्यासारखं करायचं, म्हणजे समोरचा तेच जरा जपून बोलतो. ते ऐकायचं आणि नजरेआड होऊन टिपून घ्यायचं. अशी 264 माणसं झाली. महागड्या दुकानात ‘र’ सर्वांत जास्त ऐकू आला, स्वस्त दुकानात सर्वांत कमी. आणि दुसऱ्यांदा बोलताना तो एकूणच वाढला. म्हणजे उच्चारातला फरक हा निव्वळ ज्याच्या-त्याच्या सवयीचा भाग नाही, त्यात सामाजिक प्रतिष्ठेची उतरंड दिसते आणि ती मोजता येते. यात प्रयोगशाळा नाही, यंत्र नाही. पण काय विचारायचं, किती जणांना, काय टिपायचं आणि कशाशी ताडून बघायचं, हे सगळं काटेकोर आहे. याला शोध म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं, हे बाबांनाच विचारा.

रिकाम्या वेळाच्या प्रश्नावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण तो मला स्वतःला फार आवडतो. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचं गाव आहे. तिथली कापडगिरणी 1930 च्या आसपास बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव एकदम बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड, हान्स झाइझेल आणि त्यांचे सहकारी तिथे गेले. त्यांनी नुसत्या मुलाखती घेतल्या नाहीत. वाचनालयाच्या नोंदी काढल्या. आता वेळ भरपूर, तेव्हा वाचन वाढलं असेल असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं होतं. लोकांना दिवसाचा हिशेब लिहायला सांगितला तर पुरुषांना कित्येक तासांचं काय केलं ते आठवेना. खिडकीत बसून रस्त्यावरून जाणाऱ्यांची चाल मोजली, कोण किती वेळा थांबतो ते टिपलं. पुरुष सावकाश चालायचे आणि पुन्हा पुन्हा थांबायचे, बायका भराभर जायच्या, कारण गिरणी बंद झाली तरी घरकाम बंद झालं नव्हतं. 1933 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ‘आळशी होतात’ या सोप्या उत्तरापेक्षा हे किती पुढचं आहे बघा : काम गेलं की दिवसाचा आकारच जातो. आणि हे समजायला काय काय लागलं? अनोळखी माणसांमध्ये राहणं, त्यांचा विश्वास मिळवणं, ऐकणं, आणि जोडीला आकडे. ज्याला माणसांत मिसळायचा कंटाळा आहे त्याने प्रश्न कितीही आवडला तरी या वाटेला जाऊ नये.

नकाशाच्या रंगांचं थोडक्यात सांगते. शेजारशेजारच्या दोन प्रदेशांना एकच रंग द्यायचा नसेल तर चार रंग पुरतात, ही अटकळ 1852 सालची. सिद्धता मिळाली 1976 मध्ये, केनेथ अॅपेल आणि वोल्फगांग हाकेन यांना, आणि तीही संगणकाकडून हजाराहून जास्त तास काम करून घेऊन. त्यावरून गणितज्ञांमध्येच वाद पेटला : जी सिद्धता कुणीही माणूस हाताने पूर्ण तपासू शकत नाही तिला सिद्धता म्हणायचं का? हा वाद गणितापेक्षा तत्त्वज्ञानाचाच आहे. यंत्राच्या शिक्षेचा तिचा प्रश्नही त्याच घरातला. कितीही माहिती गोळा केली तरी ‘जबाबदारी कोणाची’ हे माहितीतून आपोआप निघत नाही. तिथे युक्तिवाद बांधायचा, तो मोडेल अशी उदाहरणं स्वतःच शोधायची, कायद्यात अशा पेचांचा निवाडा कसा झाला ते वाचायचं. पुस्तकं, लेखन आणि भरपूर वाद. काही मुलांना हे स्वर्ग वाटतं, काहींना शिक्षा.

राहिला जुन्या दाराचा प्रश्न. तो विषय बदलण्याच्या तुमच्या शंकेलाही उपयोगी आहे. अँड्र्यू डग्लस हे खगोलशास्त्रज्ञ होते. सूर्यावरच्या डागांचं साधारण अकरा वर्षांचं चक्र पृथ्वीवरच्या हवामानात उमटतं का, हे त्यांना बघायचं होतं. इतक्या मागच्या हवामानाच्या नोंदी नव्हत्या म्हणून ते झाडांच्या वाढीच्या वलयांकडे वळले. ओलं वर्ष, रुंद वलय. कोरडं वर्ष, अरुंद. रुंद-अरुंद वलयांचा क्रम एका झाडावरून दुसऱ्यावर जुळवत जुळवत ते मागे गेले, जिवंत झाडांवरून जुन्या तुळयांपर्यंत. 1929 मध्ये अॅरिझोनात एक जळकी तुळई सापडली आणि क्रमातली मधली तुटकी जागा सांधली गेली. ज्या प्राचीन वस्त्यांच्या काळाबद्दल पुरातत्त्वज्ञ नुसते अंदाज बांधत होते, त्यांतल्या कितीतरी वस्त्यांना नेमकी वर्षं मिळाली. तेव्हा मुलीला सांगा, दाराचं वय कळतं. निदान त्याचं लाकूड कोणत्या वर्षापर्यंत वाढत होतं ते कळतं, बाहेरची वलयं रंध्याने गेलेली नसतील तर.

आपल्याकडच्या दामोदर धर्मानंद कोसंबींचंही तसंच. मूळ गणिताचे प्राध्यापक. नाणं हातोहात फिरताना झिजतं, वजन घटतं. मग ही घट संख्याशास्त्राने मांडली तर सापडलेल्या साठ्यातली कोणती नाणी आधीची, कोणती नंतरची, हे सांगता येईल का? त्यांनी हजारो नाणी तोलली आणि त्या वाटेने प्राचीन इतिहासात शिरले. डग्लस काय, कोसंबी काय, दोघांनी प्रांत ओलांडला तो हातात एक पक्कं हत्यार घेऊन. याला धरसोड म्हणत नाहीत. दर महिन्याला नवा विषय आणि कुठलंच हत्यार नाही, ती धरसोड. तुमची मुलगी अजून हत्यार घ्यायच्या वयात आहे, इतकंच.

उपयोगाबद्दल. जीवशास्त्रज्ञ थॉमस ब्रॉक 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत कोणते जीव राहतात ते बघत होते. त्यात सापडलेल्या एका जिवाणूचं विकर (एन्झाइम) उकळत्याच्या जवळपास तापमानालाही टिकतं, आणि 1983 मध्ये कॅरी मुलिस यांनी शोधलेली, डीएनएच्या भराभर प्रती काढणारी पीसीआर पद्धत पुढे त्याच विकरावर चालू लागली. कोविडच्या चाचणीमुळे ते नाव घरोघरी पोचलं. ही गोष्ट सगळेच सांगतात. मी तिच्यासोबत हेही सांगते की बहुतेक संशोधनाच्या वाट्याला असं काही येत नाही. उलट, उपयोगाच्या प्रश्नांची उत्तरंही कधी कधी नकोशी येतात. केनियात मायकेल क्रेमर आणि सहकाऱ्यांनी काही शाळांना पाठ्यपुस्तकं देऊन बाकीच्यांशी तुलना केली. सरासरी मार्क वाढले नाहीत. आधीच पुढे असलेल्या मुलांना तेवढा फायदा झाला, कारण पुस्तकं इंग्रजीत होती आणि बऱ्याच मुलांची ती तिसरी भाषा. पुस्तकं वाटणं चांगलंच, यावर कुणाचं दुमत नव्हतं. तरी विचारून बघितलं, म्हणून कळलं. क्रेमर यांना 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं ते अशाच प्रयोगांसाठी.

नोकरीचं स्पष्ट बोलते. पीएच.डी.ला पदवी आणि पदव्युत्तर शिक्षणानंतर चार-सहा वर्षं सहज जातात, आणि ती झालेल्या सगळ्यांना विद्यापीठात कायमची जागा मिळत नाही. पुष्कळ जण उद्योगात, सरकारी खात्यांत, माध्यमांत, माहितीच्या विश्लेषणात जातात. ‘संशोधन नाहीतर काहीच नाही’ अशी गाठ मुलीने आत्ताच मारून घेऊ नये. आणि खर्चाचा भार घरावर पडणार असेल तर पीएच.डी. फक्त शिष्यवृत्ती किंवा पाठ्यवेतन असलेलीच घ्यायची, हे घरात आधी ठरवा.

प्रवेशाला वेळ आहे तोवर तिला एक काम द्या. वहीतले तीन प्रश्न निवडायचे. प्रत्येकाखाली दोन ओळी : कशाला मी उत्तर मानेन, आणि ते मिळवायला एखाद्या साध्या मंगळवारी सकाळी मी काय करत असेन? मग प्रत्येक प्रश्नाजवळचा एक तरी शोधनिबंध मिळवायचा आणि त्यातला फक्त कार्यपद्धतीचा भाग वाचायचा. निष्कर्ष सगळ्यांचेच मजेदार असतात. कार्यपद्धती वाचताना जांभई आली नाही तर तो विषय तिचा. समजलं नाही म्हणून बिचकू नये, या वयात निम्मं समजलं तरी पुष्कळ. जमलं तर त्या क्षेत्रातल्या एखाद्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याशी तासभर बोलावं. मोठ्या प्राध्यापकांपेक्षा हे विद्यार्थी खरं सांगतात.

शेवटचा प्रश्न, नंतर बदलता येतं का. येतं, पण सगळ्या दिशांना सारखं सोपं नाही. गणित, संख्याशास्त्र किंवा भौतिकशास्त्र करून भाषाविज्ञान, अर्थशास्त्र, पुरातत्त्व यांकडे वळणारे बरेच आढळतात. उलट्या दिशेने येणं अवघड जातं, कारण सुटलेलं गणित तिशीत भरून काढायला फार जिद्द लागते. म्हणून वहीचं हे काम करूनही ठरत नसेल तर ज्या अभ्यासक्रमात संख्याशास्त्र नीट शिकवतात आणि सोबत एखादा सामाजिक विषय किंवा भाषा घेता येते, असा बघा. पण तीन मंगळवारांपैकी तिला तत्त्वज्ञानाचाच मंगळवार हवासा वाटला, तर गणिताचा आग्रह धरू नका, बाबांनाही धरू देऊ नका. अशा वेळी एवढंच बघा, की त्या विभागात मुलांकडून दर आठवड्याला निबंध लिहून घेतात आणि कुणीतरी ते वाचून, खुणा करून परत देतं.