मुंबईत नवीन आलोय. वेगवेगळ्या वस्त्यांमधलं खाणं आणि खाद्यमहोत्सव कसे फिरावेत?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी नागपूरहून मुलुंडला राहायला आलात, शाकाहारी-मांसाहारी सगळं चालतं, रविवार आणि एखादी संध्याकाळ मोकळी मिळते, आणि त्याच त्या 'टॉप टेन'च्या याद्या वाचून कंटाळा आलाय. त्या याद्यांतली बरीच नावं चांगली आहेत, काही खालीही येतील. पण याद्या कुठे जायचं ते सांगतात, केव्हा जायचं ते सांगत नाहीत. आणि मुंबईत खाण्याच्या बाबतीत हे 'केव्हा' जास्त महत्त्वाचं आहे, असं माझं इतक्या वर्षांचं मत आहे. इथली जवळपास प्रत्येक वस्ती कोणीतरी कुठून तरी पोटासाठी किंवा आसऱ्यासाठी येऊन वसवली. त्या माणसांच्या कामाच्या वेळा, उपास, सणवार यांच्या अवतीभवती तिथली हॉटेलं उभी राहिली. त्या वेळेला गेलात तर पदार्थ ताजा मिळतो आणि तो ज्यांचा आहे ती माणसंही शेजारच्या टेबलावर बसलेली दिसतात.

सुरुवात माटुंग्यापासून करा. मुलुंडहून स्लो लोकल धरली की थेट उतरता येतं. १८९६ च्या प्लेगनंतर दाटीवाटीचं शहर उत्तरेकडे सरकावं म्हणून १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंगा त्याच्या आखणीतून वसलं. कचेऱ्यांमध्ये कारकून, टायपिस्ट, हिशेबनीस म्हणून आलेली दक्षिणेकडची मंडळी इथे स्थिरावली. त्यांना गावाकडच्या चवीचं, शाकाहारी आणि खिशाला परवडणारं जेवण हवं होतं, ते उडुपीकडच्या लोकांनी पुरवलं. रामाश्रय १९३९ चं, कॅफे मद्रास १९४० चं, आणि ए. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चं.

रामाश्रय भल्या पहाटे उघडतं आणि त्याची खरी वेळ तीच. सकाळी लवकर गेलात तर देवळातून आलेले आजोबा, फिरून आलेले गुजराती गट, ड्युटी संपवून घरी निघालेले लोक दिसतील. उपमा आणि त्या दिवसाचा शिरा घ्या, वर फिल्टर कॉफी. रविवारी दहानंतर याच भागात फुटपाथवर रांगा लागतात, मग कोणी निवांत खाऊ देत नाही आणि आपल्यालाही मागच्याची घाई जाणवते.

त्याच दिवशी दुपारी रामा नायकांकडे जेवायचं असेल तर सकाळचं खाणं हलकं ठेवा. स्टेशनला अगदी लागून, पहिल्या मजल्यावर आहे. नंबर लागेपर्यंत थांबायचं आणि अनोळखी माणसांच्या शेजारी बसायचं. केळीच्या पानावरचं जेवण मागा. पान पुढ्यात आलं की त्यावर पाणी शिंपडून पुसून घ्यायचं, मग वाढपी एकामागून एक येतात: भाज्या, पापड, पुरी, सांबार, भात. रसम वाढायला आला की भाताला आधी नीट आळं करा, नाहीतर ते पानावरून थेट मांडीवर येतं. शेजारचे नेहमीचे गिऱ्हाईक हे आळं बोटांच्या दोन वळणांत करतात, त्यांच्याकडे बघून शिका. वाढपी परत येतो, पुन्हा विचारतो, आणि नको म्हणेपर्यंत वाढतो. सोमवारी बंद असतं.

फोर्टचा हिशेब वेगळा. तिथलं खाणं कचेऱ्यांच्या मधल्या सुट्टीसाठी तयार झालं, म्हणून तिथे रविवारी जाण्यात अर्थ नाही. एखाद्या दिवशी रजा टाका किंवा कामानिमित्त तिकडे जाणं झालं तर साधून घ्या. मंगळुरी लंच होममधला मासा, डिलक्ससारख्या केरळी खानावळीतलं जेवण, बॅलार्ड इस्टेटमधलं १९२३ चं इराणी हॉटेल ब्रिटानिया हे सगळं दुपारचं आहे. ब्रिटानियाचा बेरी पुलाव इराणहून येणाऱ्या आंबट सुक्या बेरीमुळे ओळखला जातो. त्या बेरी भाताबरोबर दाताखाली आल्या की त्याची तुलना बिर्याणीशी करावीशी वाटत नाही. इराण्यांकडचा सकाळचा चहा प्यायचा असेल तर धोबी तलावचं १९०४ चं कयानी. आणि मावा केकसाठी ग्रँट रोड स्टेशनसमोरचं १९१४ चं बी. मेरवान, पण सकाळी, कारण केक लवकर संपतात.

इथे गिरणगावाबद्दल थोडं सांगितल्याशिवाय राहवत नाही, जरी तिथलं ते खाणं आता तुम्हाला तसं मिळणार नाही. परळ-लालबागच्या चाळींमध्ये घरोघरी बायका गिरणी कामगारांना डबे आणि जेवण पुरवायच्या. कोकण-घाटावरून एकटे आलेले हजारो पुरुष त्यांच्या हातचं जेवून पाळीवर जात. या बायकांना कर्ज मिळायचं ते सावकाराच्या व्याजाने. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा त्यांना बँकेचं दार उघडलं. मग १९८२ चा संप आला, गिरण्या गेल्या, आणि जेवणारेच उरले नाहीत. लालबागची मसाला गल्ली मात्र अजून आहे. मार्च ते मेमध्ये जा. वर्षाचा मसाला करून घ्यायला बायका मिरच्या निवडतात, भाजून घेतात, आणि डंकावर कुटून घेईपर्यंत तिथेच बसतात. नाकाला रुमाल लागतो, पण मालवणी, आगरी, घाटी मसाल्यांतला फरक तिथे अर्ध्या तासात कळेल, तो वाचून कळत नाही.

भेंडी बाजार, मोहम्मद अली रोड. रमजानमध्ये इथे सगळी मुंबई लोटते, आणि बहुतेक लोक चुकीच्या वेळी जातात. रोजा सोडायच्या वेळी जाऊ नका. दिवसभर उपाशी राहिलेल्या माणसांची ती वेळ आहे, त्यांना खाऊ द्या. तरावीहची, म्हणजे रमजानमधली रात्रीची नमाज आटोपल्यावर, रात्री साडेदहा-अकराच्या पुढे जा. मिनारा मशिदीच्या गल्लीत सुलेमान उस्मान मिठाईवाला आहे, मालपुवा आणि मातीच्या वाटीतली फिरनी तिथली. गर्दी झेपत नसेल तर थोडं पुढे बोहरी मोहल्ल्यात, खारा टँक रोडला जा. तिथलं ताज आइस्क्रीम १८८७ पासून आहे, हाताने फिरवायच्या संच्यात बनतं, सीताफळाचा हंगाम असेल तर दुसरं काही घेऊ नका. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, म्हणून तारीख दरवर्षी बघावी लागते. नल्ली निहारी (नळीच्या मांसाचा रस्सा) मात्र वर्षभर मिळते, आणि ती मुळात सकाळची. १९२३ चं नूर मोहम्मदी त्यासाठी जुनं नाव. रात्रभर मंद आचेवर राहिलेली निहारी सकाळी खमिरी रोटीबरोबर खाल्लीत तर हा पदार्थ नाश्त्याचा का, हे लगेच पटेल.

फाळणीनंतर आलेल्या लोकांच्या वस्त्या तुमच्याकडून फार लांब नाहीत. चेंबूर कॅम्प आणि उल्हासनगरला सिंधी, सायन कोळीवाड्यात पंजाबी. सिंध्यांची दाल पकवान (डाळ आणि कुरकुरीत तळलेली पुरी) रविवारच्या सकाळची, दुपारी मिळालीच तर पकवान मऊ पडलेलं असतं. सायन कोळीवाड्यात (स्टेशनचं नाव आता गुरू तेग बहादूर नगर) संध्याकाळी जा. देशभरच्या मेनूकार्डांवर 'प्रॉन्स कोळीवाडा' दिसतात, ते नाव या वस्तीवरून पडलं: कोळ्यांची कोळंबी, पंजाब्यांचं बेसन आणि ओवा.

आता महोत्सव. मुंबईत मॉलमध्ये किंवा मोठ्या मैदानांवर तिकीट लावून जे फूड फेस्टिव्हल होतात, त्यांची मला फारशी ओढ नाही. तेच फूड ट्रक, तेच बर्गर, तेच चीज ओतलेलं काहीतरी. मी एकच गोष्ट बघतो: उलथणं धरणारी व्यक्ती हा पदार्थ स्वतःच्या घरी करते का? ती करत असेल तर मंडप कितीही साधा असो, जायचं.

असे महोत्सव बहुतेक थंडीत येतात आणि त्याला कारण आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, नंतर नारळी पौर्णिमा, मग होड्या जोरात बाहेर पडतात. थंडीपर्यंत हंगाम रंगात येतो, आणि डिसेंबर-जानेवारीत वर्सोवा आणि इतर कोळीवाड्यांत कोळी महोत्सव लागतात. कोळणी दागिने घालून, नऊवारीत, स्वतः तव्यासमोर उभ्या असतात. बोंबील कसा तळतात ते जवळ उभं राहून बघा. ओला बोंबील म्हणजे जवळजवळ पाणीच. तो उभा चिरून, मधला काटा काढून, वजनाखाली दाबून त्यातलं पाणी काढतात, मग मसाला लावून रव्यात किंवा तांदळाच्या पिठात घोळवतात. हे दाबणं नीट झालं नसेल तर तव्यावर तो मोडतो. नीट झालं असेल तर बाहेरून कुरकुरीत आणि आत लोण्यासारखा. तांदळाच्या भाकरीबरोबर तिथेच खा, घरी न्यायला बांधून घेऊ नका, वाफेने बिघडतो. संध्याकाळी सातच्या सुमाराला गेलात तर मासा ताजा आणि गर्दी कमी.

त्याच दिवसांत मुलुंड, बोरिवली आणि इतर उपनगरांत मालवणी जत्रोत्सव असतात. तिथे कोंबडी-वडे आणि सोलकढी सगळेच खातात. तुम्ही गुळाचं, आल्याचा झणका असलेलं मालवणी खाजं आणि खटखटे लाडूही घ्या. रात्री दशावतार असला तर थांबाच, जेवण उशिरा करा. डोंबिवलीकडे आगरी महोत्सव असतो, तांदळाच्या भाकऱ्या आणि झणझणीत आगरी मटणासाठी तो माझ्या आवडीचा.

महालक्ष्मी सरसला मात्र दोनदा जा. गावोगावच्या महिला बचत गटांचं हे सरकारी प्रदर्शन, अलीकडे बहुतेक वांद्रे भागात थंडीत भरतं. नागपूरचे आहात, त्यामुळे सावजीच्या स्टॉलवर उगाच वेळ घालवू नका, खानदेशच्या बायका मांडे करत असतील तिकडे जा. पुरण भरलेला गोळा हातावर फिरवत, कोपरापर्यंत पसरवत, पालथ्या खापरावर टाकतात. तो मोठा मांडा खापरावर पडतो तो क्षण बघायला लोक घोळका करतात, आणि करणारी बाई गप्पा मारत मारत पुढचा गोळा उचलते. दुपारी चारच्या आसपास जा, त्यांना बोलायला वेळ असतो. पहिल्यांदा फक्त खा, दुसऱ्यांदा पिठं, पापड, सांडगे न्यायला पिशवी घेऊन जा.

पावसाळ्यात महोत्सव नसले तरी हंगाम असतो. जूनचा पहिला पाऊस पडला की आदिवासी बायका दादर, ठाणे, वसईच्या बाजारात शेवळं ही रानभाजी घेऊन बसतात. जांभळट तपकिरी देठांच्या जुड्या आणि शेजारी छोटी हिरवी काकडं, म्हणजे आंबट रानफळं. शेवळं घशाला खाजतात, ती खाज काकडांच्या आंबटपणाने मारायची, म्हणून दोन्ही एकत्रच घ्या आणि आतला पिवळा भाग काढून टाका. कसं करायचं ते विकणारीला विचारा, ती हौसेने सांगते. सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) घरात कोणी ओळखीचं असेल तर शेवळांच्या कोळंबीचं आमंत्रण अजिबात सोडू नका, हॉटेलात ते मिळणं कठीण. ऑगस्टमध्ये, ९ तारखेच्या आसपास, कृषी विभाग ठाणे, पालघर, रायगड जिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवतो. टाकळा, भारंगी, कुरडू, दिंडा एका जागी ओळखायला ती चांगली संधी.

सप्टेंबरात वांद्र्याची माउंट मेरीची जत्रा: ८ तारखेनंतरच्या रविवारपासून आठवडाभर. कडियो-बोडियो (गोव्याकडचं गोड खाजं) आणि चणे रस्त्यावर मिळतात, पण ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांचा बॉटल मसाला किंवा फुगे (तळलेले गोल पाव) हवे असतील तर गावठाणातल्या घरगुती बायकांकडे आधी सांगून ठेवावं लागतं. हॉटेलांत हे जेवण जवळपास नाहीच.

आणि पंगती. गणपतीत किंग्ज सर्कलच्या जीएसबी (गौड सारस्वत ब्राह्मण) सेवा मंडळाचा महाप्रसाद, दुर्गापूजेत शिवाजी पार्कच्या बंगाल क्लबचा दुपारचा भोग. खिचुडी, लाबडा (मिश्र भाजी), टोमॅटोची चटणी, पायेश (खीर). कोणी जात विचारत नाही, गाव विचारत नाही. रांगेत शांतपणे उभं राहायचं, वाढलेलं पानात टाकायचं नाही, आणि जमलं तर दानपेटीत काहीतरी ठेवायचं. इथे फोटो काढत बसू नका, मागे लोक ताटकळत असतात.

तारखांसाठी इंग्रजी साइट्सवर विसंबू नका. जत्रोत्सव, कोळी महोत्सव, सरस यांची माहिती मराठी वर्तमानपत्रांच्या स्थानिक पुरवण्यांत आणि स्टेशनबाहेरच्या फ्लेक्सवर आधी येते. मुलुंडला डिसेंबर सुरू झाला की स्टेशनबाहेरचे बॅनर वाचत चला, मैदान, तारखा आणि दशावताराची वेळ त्यावरच असते.