तो शाळेत बोलत नाही, हे कधीपासून?

पत्रं वेगवेगळी, घोळ तोच: स्वभाव कुठवर आणि अडचण कुठून? बालविकासतज्ज्ञ म्हणून या वेळी पाच पत्रांना उत्तरं.

मुलगा अडीच वर्षांचा. बालवाडीत इतरांशेजारी बसून खेळतो, त्यांच्याबरोबर नाही. काळजी करावी का?

नाही. या वयात शेजारी बसून आपापलं खेळणं अगदी नेहमीचं. मुलांच्या खेळाचा अभ्यास करणाऱ्या मिल्ड्रेड पार्टन यांनी हे १९३२ मध्येच लिहून ठेवलंय.

मुलगी तीन वर्षांची, मुलांत मिसळायला फार वेळ घेते. व्यक्तिमत्त्व विकासाचा क्लास लावावा का? बोटांच्या ठशांवरून स्वभाव सांगणारी चाचणीही सुचवली आहे.

दोन्हीचे पैसे वाचवा. ठशांवरून स्वभाव कळत नाही, पाकीट तेवढं हलकं होतं. थॉमस आणि चेस या मानसोपचारतज्ज्ञांनी न्यूयॉर्कमध्ये १९५६ पासून मुलांच्या स्वभावाचा अभ्यास केला. त्यात सुमारे १५ टक्के मुलं अशीच हळूहळू रुळणारी निघाली. ढकललं की ती आणखी मागे सरतात. एक मुलगी रोज वाळूच्या खड्ड्याशी दप्तराचा पट्टा मुठीत धरून उभी राहायची. बाईंनी 'ये ना, ये ना' बंद केलं आणि एक रिकामी बादली तिच्या पायाशी ठेवून दिली. चौथ्या दिवशी बादलीत वाळू होती. तुम्ही गर्दी व्हायच्या दहा मिनिटं आधी पोचत जा. मात्र काही महिन्यांनीही रोज रडारड असेल, तर बालमानसतज्ज्ञांना भेटा.

मुलगा चार वर्षांचा. घरी अखंड बडबड, बालवाडीत सात महिन्यांत एक शब्द नाही. नातेवाईक म्हणतात, 'हट्टी आहे, मुलगे उशिराच बोलतात.' वाट पाहावी का?

सात महिने पाहिलीत की! घरी बडबडणाऱ्याला 'उशिरा बोलतो' कसं म्हणायचं? आणि हा हट्टही नव्हे. हा सिलेक्टिव्ह म्यूटिझम असावा, अशी दाट शंका येते. तो चिंतेचा विकार आहे. बोलायचं असतं, पण त्या ठिकाणी आवाजच फुटत नाही. निदान करताना शाळेचा पहिला महिना सोडून देतात. त्यापुढेही मूल गप्प असेल, तर तपासणी हवीच. जितका उशीर, तितकी 'न बोलणारा' ही ओळख घट्ट होत जाते. बाकीची मुलंच मग बाईंना सांगतात, 'तो बोलतच नाही.' अशी मुलं शू लागली तरी सांगू शकत नाहीत, शाळा सुटेपर्यंत दाबून धरतात. हे तुम्ही विचारलंय का कधी? 'तोंडात मिठाची गुळणी धरलीस का?' असले टोमणे बंद. सगळ्यांसमोर बक्षिसाचं आमिषही नको. तो घरी बोलतानाचा व्हिडिओ काढा आणि याच आठवड्यात बालमानसतज्ज्ञांची वेळ घ्या. श्रवण आणि वाचा-भाषा तपासणीही करून घ्या. निदान पत्रावरून होत नाही, माझ्याकडूनही नाही.

तीन वर्षांचा मुलगा खेळणं हिसकावलं की चावतो. स्वभावच रागीट आहे का?

शब्द अपुरे पडले की दात पुढे येतात. चावण्याआधी काय घडलं, ते दोन आठवडे लिहून ठेवा. चावणं थांबलं नाही किंवा बोलणं मागे वाटलं, तर ती वही घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा.

बाई म्हणतात, मुलगी हाकेला ओ देत नाही, एकलकोंडी आहे.

आधी कान तपासा. सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साठून कमी ऐकू येणं लहानपणी सर्रास आढळतं. कान ठीक असूनही ती ओ देत नसेल, बोट दाखवून काही सांगत नसेल, तर विकासतज्ज्ञ बालरोग डॉक्टरांकडे न्या. स्वभावाचं नंतर बघू.