अकरा महिन्यांचा करार, नुसती नोटरी आणि न निघणारा भाडेकरू

पुण्याजवळ वाकडचा फ्लॅट, भाडं २४,०००, अनामत ७५,०००. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार (म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता फक्त राहण्याची परवानगी), नोटरी करून. मुदत संपून चार महिने झाले. राहणारा निघत नाही, भाडंही थांबलं. आणि तुम्ही विचारताय, रावेतला गुंतवणूक म्हणून दुसऱ्या फ्लॅटचं टोकन देऊ का? अशी पत्रं इतकी येतात की फक्त उपनगराचं नाव बदललेलं असतं.

भाववाढीचं आणि कराचं गणित तुमच्या सीएकडे सोपवा. तुमचं सगळं अडलंय ते महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ पाशी. करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

एजंट म्हणाला, अकरा महिन्यांना नोंदणी लागत नाही. नोंदणी कायद्यात वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला सवलत आहे, तिथून ही समजूत आली. कलम ५५ मध्ये मुदतीची सवलत नाही. तुमच्या करारावर मुद्रांक शुल्क, नोंदणी फी आणि हाताळणी शुल्क धरून साधारण दोन हजार रुपये लागले असते. ७८ लाखांचं घर परक्याच्या हाती देताना हा खर्च टाळलात, याचा मला खरंच राग येतो.

कारण नोंदणी असती तर कलम २४ खाली थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, जाता आलं असतं. तिथे समोरच्याला समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत बचावाची परवानगी मागावी लागते, आणि मुदतीनंतरच्या वास्तव्याची भरपाई दुप्पट दराने, म्हणजे तुमच्या बाबतीत महिन्याला ४८,००० रुपये लागते. आता तो म्हणेल, ‘मी लायसन्सी, म्हणजे नुसत्या परवानगीने राहणारा, नाही; भाडेकरू आहे.’ हे टिकलं तर लघुवाद न्यायालयात दावा, घर खाली करून घेण्यासाठी कलम १६ मधली कारणं, पुरावा, अपील. थकबाकीवर दावा केलात तरी आधी नव्वद दिवसांची नोटीस; आणि समन्सनंतर नव्वद दिवसांत त्याने व्याजासकट पैसे भरले, तर त्या कारणावर ताबा मिळत नाही. वर्षानुवर्षं तारखांवर तारखा पडतात आणि तोवर तुमचा हप्ता चालूच राहतो.

जुना दस्त आता नोंदवायचा म्हणाल, तर सहीपासून चार महिने आणि दंड भरून आणखी चार महिने, एवढीच मुदत असते. तीही उलटली.

तरी एक वाट आहे. तो अजून फोन उचलतोय. त्याला तीन महिन्यांचा नवा करार द्या, ताबा सोडण्याची तारीख घालून, आणि या वेळी नोंदणी करून. त्यासाठी थकबाकीतले दोन महिने सोडावे लागले तरी सोडा. सहीला तयार नसेल तर वकिलामार्फत नोटीस द्या आणि कलम २४ खालचा अर्ज करून पाहा. नोंदणी नसताना तो कितपत टिकेल याची हमी मी देणार नाही. तुम्ही पाठवलेल्या व्हॉट्सॲप संदेशांत त्याचाच एक आहे: ‘साहेब, ॲग्रीमेंट संपतंय, अकरा महिन्यांचं परत करू या.’ तो फोन जपा, विकू नका, फॉरमॅट करू नका. करार त्याला मान्य होता, हे त्याच्याच शब्दांत आहे. मध्येच त्याने पैसे पाठवले तर ‘हक्क अबाधित ठेवून, वापराची भरपाई म्हणून’ असं लिहूनच पावती द्या. आणि वीज-पाणी तोडण्याचा विचार सोडा. कलम २९ खाली तो गुन्हा आहे, मग आरोपी तुम्ही ठराल.

आता टोकन. वाकडचं भाडं नियमित आलं असतं तरी वर्षाला २,८८,०००, म्हणजे ७८ लाखांवर पावणेचार टक्क्यांहून कमी, मेंटेनन्स वजा न करता. चार महिने बुडाल्यावर हातात १,९२,००० उरतात, अडीच टक्क्यांच्याही खाली. रावेतचा हप्ता पगारातून, भाड्याचा एक रुपयाही न धरता, दोन वर्षं भरता येत असेल तर विचार करा. पत्रावरून तसं दिसत नाही. बिल्डरला आजच कळवा की वाकडचा ताबा मिळेपर्यंत तुम्ही टोकन देणार नाही.