'मोलकरीण'मध्ये अपमान कुठाय?

प्रश्न असा आलाय की दिग्दर्शिका दीपा धनराज आणि युगांतर या स्त्रियांच्या फिल्म गटाच्या 1981 च्या 'मोलकरीण' या फिल्मवर लिहायचंय, तर तिला माहितीपट म्हणायचं की अनुबोधपट, आणि 'मोलकरीण' शब्द कमीपणाचा वाटतो म्हणून लेखात सगळीकडे 'गृहसेविका' लिहिलं तर चालेल का.

नाही चालणार! हे 'गृहसेविका' ऐकून ऐकून कान किटलेत. फिल्म पुण्यात घरकाम करणाऱ्या बायकांवर आहे, त्यांनी 1980 मध्ये संप केला, संघटना बांधली आणि संघटनेच्या नावात स्वतःहून 'मोलकरीण' हाच शब्द ठेवला. ज्यांचं नाव त्यांना खटकलं नाही ते आपण का बदलायचं?

आता शब्दच बघा ना, किती सुंदर आहे. मोल म्हणजे संस्कृत मूल्य, आणि मूल्यचा अर्थ नुसती किंमत नाही, केलेल्या कामाचा मोबदला, पगार हाही अर्थ संस्कृतात आहे. मोल घेऊन काम करतो तो मोलकरी, करते ती मोलकरीण, जसं शेतकरी-शेतकरीण. तुकोबांचं 'मोलें घातलें रडाया, नाहीं आंसूं आणि माया' आठवा, तिथं मोल म्हणजे रडण्याची मजुरीच की. आपली मोलमजुरीही तीच. म्हणजे या बाईच्या नावातच तिचा पगार आहे, तो मागायला ती वेगळं काय सांगणार?

काही जाणकार छातीठोक सांगतात की मोल देऊन आणलेली ती मोलकरीण, म्हणजे दासीच. साफ चूक. विकत घेतलेल्या बाईला मराठीत बटीक होतं, पेशवाईच्या कागदांत कुणबीण आहे (जातीच्या कुणबीशी घोळ करू नका). कुणबिणीचं मोल तिच्या मालकाला मिळायचं, मोलकरणीचं मोल तिच्या हातात पडतं. एवढा फरक ज्याला दिसत नाही त्यानं व्युत्पत्ती सांगूच नये.

आणि 'सेविका' म्हटल्यावर काय होतं ते अंगणवाडी सेविकांना विचारा, वर्षानुवर्षं काम करून त्यांच्या कागदावर पगार नाही, 'मानधन'. शब्द सेवेचा झाला की पैसे मानाचे होतात. खाडा मात्र कापला जातो! माझं तर ठाम मत आहे की 'मोलकरीण' नकोसा वाटायला लागला तो त्यातल्या मोलामुळेच, तो आठवण करून देतो. 'मावशी' म्हटलं की बोनसची गोष्ट काढायला तिलाच अवघड होतं. सरकारनं 2008 च्या कायद्यात 'घरेलू कामगार' घेतला, कामगार उत्तम, पण 'घरेलू' हिंदीतून कशाला, 'घरकामगार' होता की.

हां, माहितीपट लिहा. अनुबोधपटात बोध शिरतो, आणि युगांतरच्या फिल्म बायकांना शिकवायला नव्हत्या, त्यांच्याबरोबर बसून केलेल्या होत्या, निपाणीच्या तंबाखू कामगारांवरची 1982 ची सुद्धा.

आणि तुमच्या प्रश्नात 'मोलकरीणींचा संप' असं आलंय, ते 'मोलकरणींचा' करा. मोलकरीण, मोलकरणीला, मोलकरणींनी.